खाली मुंडी, पाताळ धुंडी

ही म्हण कुणीतरी माणसांवर वैतागून केलेली आहे. वरवर गरीब गाय, नजर जमिनीला, तोंडातून शब्द नाही. आतून मात्र साऱ्या गावाच्या भानगडींचा पत्ता ठाऊक. असा माणूस प्रत्येक ऑफिसात एक तरी असतो आणि एकत्र कुटुंबात हमखास दोन. पण ही म्हण अक्षरशः खरी उतरते ती झाडाच्या मुळाच्या बाबतीत. जन्माला आल्याबरोबर ते मुंडी खाली घालतं आणि मरेपर्यंत पाताळ धुंडत राहतं. त्याबद्दल त्याला कुणी शाबासकी देत नाही. फुलाचा हार होतो, पानाचं तोरण होतं, फळ पेटीत बसून देवगडहून मुंबईला येतं. खोडालाही भाव आहे. कल्याणजवळच्या आमच्या शहाडला सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्यात लाकडाच्या लगद्यापासून चकचकीत धागा निघतो आणि तो साडीत जाऊन मिरवतो. मुळाच्या वाट्याला काय? बाजारातून आणलेल्या जुडीची मुळं आपण कचऱ्याच्या डब्यात टाकतो, तीही नाक मुरडून.

खरं तर मुळाची आणि आपली गाठ रोज स्वयंपाकघरात पडते. मटकी रात्री भिजत घालायची, सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायची, दुसऱ्या दिवशी गाठोडं सोडलं की प्रत्येक दाण्याला पांढरं शेपूट फुटलेलं. आपण त्याला मोड म्हणतो. तो मोड म्हणजेच मूळ, शाळेच्या पुस्तकातलं आदिमूळ. बी रुजताना पान नाही, खोड नाही, सगळ्यांत आधी बाहेर येतं ते हे. आधी पाण्याची सोय, मग वरचा डोलारा. आमच्या भागातल्या नव्या टॉवरांच्या जाहिरातीत हा क्रम नेमका उलटा असतो. आधी क्लबहाउस, मग पोहण्याचा तलाव, आणि पाण्याचं काय ते राहायला गेल्यावर टँकरवाला सांगतो.

हे मोड पावसाळ्याच्या दमट हवेत आणखी एक दिवस राहिले तर त्यांच्यावर पांढरी, मऊ लव येते. घरातलं वडीलधारं माणूस लगेच म्हणतं, "बुरशी आली बघ, टाकून दे ती." मटकीला वास येत नसेल, ती चिकट झालेली नसेल आणि ही लव फक्त मोडावरच, टोकाच्या जरा मागे, सगळीकडे सारखी उगवलेली दिसली, तर ती बहुधा बुरशी नसते. मोड बोटावर धरून खिडकीच्या उजेडात पाहावा. मखमलीसारखी उभी राहिलेली ती लव म्हणजे मूलरोम. पाण्याचा हात लागला की सगळे मूलरोम मोडाला चिकटतात आणि दिसेनासे होतात. बुरशी असेल तर ती अशी शहाण्यासारखी आवरून बसत नाही. यातला प्रत्येक केस म्हणजे अवघी एक पेशी. आयुष्य काही दिवसांचं, फार तर दोन-चार आठवड्यांचं. झाडाला लागणारं पाणी आणि क्षार मातीच्या कणाकणांतून ओढून आणण्याचं मोठं काम या अल्पायुषी मंडळींकडे असतं.

ही मंडळी किती असतात ते हॉवर्ड डिटमर नावाच्या अमेरिकन संशोधकाने मोजलं. त्याने राय नावाच्या धान्याचं एक रोप लाकडी खोक्यात चार महिने वाढवलं, माती धुऊन काढली आणि मुळं मोजायला बसला. १९३७ साली त्याने हिशेब छापला. एका रोपाची मुळं सुमारे १ कोटी ३८ लाख, एकापुढे एक ठेवली तर लांबी ६२० किलोमीटरच्या वर. म्हणजे शहाडहून सीएसएमटीला दहा-अकरा वेळा जाता येईल, तेही मधे कुर्ल्याला गाडी न थांबता. मूलरोम तर सुमारे १४०० कोटी, आणि त्यांची एकूण लांबी १०,६०० किलोमीटर. तेवढ्यात मुंबईहून लंडन गाठून जवळजवळ अर्धी वाट परत येता येतं. एवढा सगळा पसारा दोन घनफुटांपेक्षा कमी मातीत मावला होता. वन रूम किचनमध्ये सहा माणसं कशी मावतात असं विचारणाऱ्यांनी हे रोप बघायला हवं होतं.

मुळाच्या अगदी टोकाला एक टोपी असते. तिचं नावच मूलटोपी. दगडा-वाळूतून घुसताना हिच्या पेशी घासून गळत राहतात, मागून नव्या येत राहतात, आणि बुळबुळीत स्राव सोडून त्या वाट सोपी करतात. खाली कुठे आणि वर कुठे हेही हीच ठरवते. तिच्या काही पेशींत पिठाचे जड कण असतात. मूळ आडवं झालं की ते कण पेशीच्या खालच्या बाजूला घरंगळतात आणि मूळ वळायला लागतं. थॉमस नाइट या इंग्रज बागाइतदाराने १८०६ साली घेवड्याच्या जातीच्या बिया एका पाणचक्कीला बांधून गरागरा फिरवत ठेवल्या. इतक्या हालातही मुळांनी डोकं शाबूत ठेवलं. चाकाच्या जोराने जी दिशा 'खाली' झाली होती, म्हणजे बाहेरची, तिकडेच ती वाढली. पुढे १८८० साली चार्ल्स डार्विनने मुलगा फ्रान्सिस याच्या मदतीने वनस्पतींच्या हालचालींवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याच्या शेवटी म्हाताऱ्याने असं मत दिलं की मुळाचं टोक एखाद्या साध्या प्राण्याच्या मेंदूसारखं काम करतं. थोडक्यात, झाडाची अक्कल जमिनीखाली असते. हे वाचल्यापासून कुणी कुणाला 'झाडासारखा उभा काय राहिलास' असं म्हटलं की मला तो झाडाचा अपमान वाटतो.

शहाड म्हणजे बाहेरून आलेल्यांचं गाव. कारखान्याच्या नोकरीला कुणी साताऱ्याहून आलं, कुणी जळगावहून, कुणी थेट गोरखपूरहून. कसारा लोकलमध्ये शेजारी टेकल्यावर दुसरा प्रश्न ठरलेला, "मूळचे कुठले तुम्ही?" मग पलीकडचा माणूस आजोबांच्या गावाचं नाव सांगतो, जिथे तो स्वतः मे महिन्यातले आठ दिवस आंबे खायला जातो. मुळं म्हणजे मागे राहिलेलं, जुनंपुराणं काहीतरी, असं आपण धरून चालतो. झाडाकडे पाहिलं तर तसं दिसत नाही. बुंध्याजवळचं जाड मूळ म्हातारं असतं. ते झाडाला धरून ठेवतं, पाणी पोहोचवतं, पण नवं पाणी फारसं शोधत नाही. शोधतं ते टोक, जे कालपरवा जन्मलेलं असतं आणि अजून न पाहिलेल्या मातीत शिरत असतं. मुळाच्या शोधाचं सगळं काम आजचं आणि उद्याचं आहे. शहाडात आलेल्या पहिल्या पिढीला हे कळलं होतं. त्यांनी आधी रेशन कार्ड काढलं, मग नळाचं कनेक्शन घेतलं, आणि गावाची आठवण काढायला रविवार ठेवला.

मुळाने पाणी घेतलं म्हणजे जे येईल ते आत घेतलं असं मुळीच नाही. मुळाच्या सालीतून पाणी पेशींच्या फटीफटींतून बरंच आत येतं. पण मधल्या नळ्यांपर्यंत पोहोचण्याआधी पेशींचं एक कडं लागतं, आणि त्या पेशींच्या भिंतीत पाणी न झिरपणारी एक पट्टी असते. रॉबर्ट कॅस्पारी या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६५ साली तिचं वर्णन केलं, म्हणून ती कॅस्पारी पट्टी. ही पट्टी म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन. कंपाउंडपर्यंत कुणीही यावं, पुढे मात्र रजिस्टरमध्ये नाव घातल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. इथून पुढे प्रत्येक क्षाराला जिवंत पेशीच्या आतून, तिच्या परवानगीने जावं लागतं. फरक इतकाच की हा वॉचमन दुपारी खुर्चीत पेंगत नाही, आणि सेक्रेटरीच्या मेहुण्याला तसाच सोडत नाही.

आत आलेलं पाणी वर चढवणं हे पुढचं काम. शहाडला याचं महत्त्व कुणी सांगायला नको. उल्हास नदीचं पाणी इथे उचललं जातं आणि शहाड-टेमघर योजनेतून, म्हणजे 'स्टेम'मधून, ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदरला जातं. त्यासाठी पंप लागतात, वीज लागते, दुरुस्तीसाठी चोवीस तास पाणी बंदची नोटीस लागते. पंपहाउसच्या कुंपणाबाहेरचा माड मात्र पाच-सहा मजले पाणी चढवतो आणि त्याची खबरही लागू देत नाही. पानांतून पाण्याची वाफ होते, त्या ओढीने खालचा पाण्याचा धागा वर सरकतो, आणि पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असल्यामुळे तो धागा तुटत नाही. डब्लिनच्या डिक्सन आणि जॉली यांनी १८९४ साली ही उपपत्ती मांडली. पावसाळी रात्री हवा इतकी ओली असते की वाफच होत नाही, तेव्हा मूळ खालून रेटा देतं. तो रेटा पाहायचा तर पहाटे चाळीमागच्या मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या अळवाजवळ जावं. पानाच्या शेंड्याला एक थेंब लटकलेला असतो, तो टपकतो, थोड्या वेळाने दुसरा भरतो. आपण त्याला दव म्हणतो. दव बाहेरून पानभर बसतं. हा थेंब पानाच्या आतून आलेला असतो. त्यातलं बरंचसं काम मुळाचं, आणि नाव दवाचं.

आता आपल्या ताटातल्या मुळांकडे येऊ. आषाढी एकादशीला आमच्या बिर्ला मंदिरातल्या विठोबाला रांग लागते. ज्यांना पंढरपूर जमत नाही ते कल्याण, उल्हासनगर, आंबिवलीहून इथे येतात. त्या दिवशी शहाडच्या भाजीबाजारात रताळ्यांचे ढीग असतात. घरोघरी ताट मांडलं जातं, आणि 'एकादशी अन् दुप्पट खाशी' हे वचन सत्य होतं. या ताटाची वनस्पतिशास्त्रीय तपासणी केली तर गंमत आहे. रताळं हे खरंखुरं मूळ. बटाटा हे मूळ नव्हेच, ते जमिनीत राहणारं खोड. त्याचे डोळे म्हणजे फांद्यांचे कोंब. सुरणही खोडच. शेंगदाणा मातीतून निघतो म्हणून मुळाच्या गोतातला वाटतो, पण तो फळातला दाणा. फूल वर लागतं आणि नंतर शेंग जमिनीत तोंड खुपसते. आणि ज्याला आपण झाडावर पिकणारी मोत्यांची लड समजतो तो साबुदाणा टॅपिओकाच्या मुळातल्या पिठाचा, बहुतेक करून तमिळनाडूतल्या सेलमकडचा.

याहून मोठी गंमत पुढे आहे. रताळं, बटाटा, शेंगदाणा, टॅपिओका आणि खिचडीतली हिरवी मिरची ही पाचही मंडळी अमेरिका खंडातली. दर्यावर्दी युरोपीय लोकांमागून ती इकडे आली. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली समाधी घेतली तेव्हा त्यांतलं एकही महाराष्ट्रात पोहोचलेलं नव्हतं. तरी त्यांना उपासाला चालतं म्हणून प्रवेश मिळाला, आणि इथे पिढ्यान्पिढ्या रुजलेला पांढरा मुळा मात्र एकादशीला वर्ज्य. मी हे आमच्या घरी एकदा सविस्तर समजावून सांगितलं. आई शांतपणे म्हणाली, "मग तू खिचडी नको घेऊस." त्यानंतर मी संशोधन थांबवलं आणि ताट पुढे केलं.

बाजारातच मुळाचा आणखी एक पराक्रम थोडक्या पैशांत पाहायला मिळतो. मेथीची जुडी मुळांसकट घ्यावी आणि निवडायच्या आधी मुळं नळाखाली धुवावीत. बारीक मुळांवर मोहरीएवढ्या किंवा त्याहून लहान गाठी दिसल्या तर नशीब. नख लावून एखादी फोडली की आत फिकट गुलाबी रंग असतो. त्या गाठीत जिवाणू राहतात. हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन असूनही झाडाला तो थेट घेता येत नाही. हे जिवाणू तो धरून देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. तो गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा. जिवाणूंच्या कामात प्राणवायूची लुडबुड होऊ नये म्हणून त्याला आटोक्यात ठेवायचं काम या भाऊबंदाकडे. इतका देखणा कारखाना आपण रोज देठांबरोबर ओल्या कचऱ्यात टाकतो आणि कुंडीसाठी युरियाची पुडी आणायला निघतो.

मुळाची ताकद माणसाच्या लक्षात येते ती मात्र पिंपळामुळे. कल्याण-शहाड भागात अशी जुनी इमारत विरळा, जिच्या पाइपामागून पिंपळ डोकावत नाही. साळुंकी किंवा बुलबुल फळ खातो, पाइपावर बसून मोकळा होतो, आणि खसखशीसारखं बारीक बी तिथल्या धुळीत रुजतं. एका सोसायटीच्या सभेत या पिंपळावर दीड तास चर्चा झालेली मी ऐकली आहे. भिंत फुटते यावर एकमत, पिंपळ काढावा यावर एकमत, कोणी काढावा यावर मात्र शांतता. शेवटी दोरावरून उतरून रंगकाम करणाऱ्या माणसाला बोलावलं. तो म्हणाला, "काका, वरचा मी छाटून देतो. मुळाला हात लावणार नाही. आमच्याकडे पिंपळावर मुंजा असतो म्हणतात." चेअरमन म्हणाले, "अहो, तिसऱ्या मजल्यावर मुंजा कसा येईल? लिफ्ट बंद आहे." तरी तो ऐकेना. वरचा पाला छाटला गेला आणि पुढच्या पावसात पिंपळ दुप्पट जोमाने आला. शेंडा उडवला म्हणून पिंपळ संपत नाही. त्याचा खरा मुक्काम भिंतीच्या आत असतो. पिंपळाच्या भावकीतला हावड्याच्या बागेतला प्रचंड वड याहून पुढे गेला. रोगट झालेलं त्याचं मुख्य खोड १९२५ साली काढून टाकावं लागलं, आणि तो आजही हजारो पारंब्यांवर उभा आहे.

भिंत फोडणाऱ्या या मूळ नावाच्या पठ्ठ्याला हरवायला फार काही लागत नाही. त्याची हवा बंद केली की पुरे. हे आपण सहसा विसरतो. मुळाला पाणी हवं तसा श्वासही हवा असतो, कारण जिवंत पेशींना प्राणवायू लागतो. उल्हास नदीवर माजणारी जलपर्णी उपटून पाहावी: खाली काळपट-जांभळी, पिसासारखी मुळं लोंबत असतात. तिने जमिनीशी संबंधच तोडला, पानाच्या देठात हवेच्या पोकळ्या केल्या आणि वर राहून श्वास घेतला. इथून खाली खाडीत तिवरांची अडचण वेगळी. चिखलात हवा जवळजवळ नसते, म्हणून त्यांची मुळं उलट दिशेने वर येतात. मुंब्रा ते कोपर या टप्प्यात ओहोटीच्या वेळी लोकलच्या दारातून बाहेर पाहिलं तर चिखलात पेन्सिली रोवल्यासारखे शेकडो कोंब दिसतात. ती श्वसनमुळं. त्यांच्या सालीवरच्या बारीक छिद्रांतून हवा आत जाते. अशीच श्वसनमुळं असलेली पांढरी चिप्पी २०२० साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष झाली.

आणि आपल्या रस्त्यावरचं झाड काय करतं? त्याला ना देठात पोकळ्या, ना वर येणारी मुळं. त्याच्या बुंध्याला आपण पेव्हर ब्लॉक भिडवतो, वर सिमेंटचा गिलावा देतो, पांढरा-लाल पट्टा मारतो आणि सुशोभीकरण झालं म्हणून फोटो काढतो. आपली समजूत अशी की मुळं खोल पाताळात गेली आहेत, वर काय घातलं त्याने बिघडत नाही. पाताळाची ती म्हण इथे आपल्याला फसवते. बहुतेक झाडांची बरीचशी मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच असतात, आणि आडवी मात्र फांद्यांच्या घेराच्याही पुढे पसरतात. ब्लॉकखाली ना हवा पोहोचते ना पाऊस. आधी बारीक मुळं मरतात, मग केबलच्या चरासाठी एका बाजूची जाड मुळं कुदळीने तुटतात, आणि जूनच्या पहिल्या वाऱ्यात झाड रिक्षावर आडवं होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात 'जोरदार वाऱ्याने झाड कोसळले' असं छापून येतं. वाऱ्याला आपली बाजू मांडायला कुणी बोलावत नाही.

नियम नाहीत असंही नाही. महाराष्ट्राच्या १९७५ च्या झाडांच्या कायद्यात झाड तोडणं या शब्दात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्यांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायचा आदेश दिला होता. एक मीटर म्हणजे सव्वातीन फूट. दुचाकीच्या लांबीहूनही कमी अंतर. त्यासाठी निधी नको, कन्सल्टंट नको, उद्घाटनाची फीत नको. बुंध्याभोवतीचे ब्लॉक अलगद उचलायचे, मुळं न दुखवता माती मोकळी करायची आणि वाळका पाला तिथेच पडू द्यायचा. रस्ता महापालिकेचा असेल तर वॉर्ड ऑफिसात अर्ज द्यायचा, पोच घ्यायची आणि महिन्याने पुन्हा जायचं. आपल्या सोसायटीच्या आवारातली झाडं मात्र आपल्याच हातात आहेत. येत्या वार्षिक सभेत हा ठराव मांडा. सूचक म्हणून माझं नाव चालेल. अनुमोदक म्हणून तुमचं द्या, आणि ठराव पावसाळ्याआधी अमलात आणा.